मपलं

जिंतूरच्या रजिस्ट्री कचेरीपुढं, पत्र्याखाली,
केवळाबाई साबळे, वय अडुसष्ट, निवृत्त दाई,
म्हणाली, लिहा मास्तर: मपलं घर.
मी लिहिलं: माझ्या स्वकष्टार्जित मालकीची मिळकत,
पूर्वेस नाली, पश्चिमेस बाबूमियाँचं गॅरेज.
येवढं लांब कामून, म्हणाली.

डॉक्टरचा दाखला होता, शुद्धीत असल्याचा.
तरी रीत म्हणून विचारलं, कुणाचा दबाव?
"व्हता की. चाळीस वर्षं. मेला मागल्या पोळ्याला."

घर लेकाला नाही, सुनेला.
"पर सून लिहू नका. सत्वशीला लिहा.
लेक उद्या दुसरी आणील, तीबी सूनच."

साक्षीदार दोन लागतात,
ज्यांना ह्यातलं काही मिळणार नाही असे,
आणि जमलं तर वयानं लहान:
कोर्टात सांगायला मागं उरले पाहिजेत.
तिनं चहाच्या टपरीकडं पाहिलं, झेरॉक्सकडं पाहिलं,
हाक मारली.
एक ओल्या हातानं आला, एक काळ्या बोटांनी.
"ह्यो पायाळू. ह्यो सातव्या म्हयन्यातला,
कापसात ठेवला व्हता."
दोघं लाजले. सह्या केल्या.

अंगठा नको म्हणाली.
'के'ला वेळ लागला, 'ळ' उलटा पडला, तसाच ठेवला.
झेरॉक्सवाल्यानं पैसे घेतले नाहीत.
चहावाल्यानं घेतले.

कागद पिशवीत घालताना विचारलं,
ह्यात मपलं कुठंय?
'माझ्या मालकीची'वर मी बोट ठेवलं.
अक्षरं सोडून तिनं बोटाकडं पाहिलं,
त्याच्या कापण्याकडं,
एकतीस वर्षं दुसऱ्यांचं लिहिणाऱ्या.

"बरं," म्हणाली. "आन् तुपलं?"