पोच

दप्तरखान्यात दुपारी दीडला वीज जाते.
मुल्लाणी चाचा वही मिटत नाहीत,
खिडकीशी सरकतात, बोट मोडीच्या ओळीवर तसंच.
"हे बघ बाई, 'चित्रास बसणारी'.
पुढं 'हौसा'. पुढं 'दिवस नऊ'.
मग सहा आणे."

सहा आणे रोजचे, की नऊ दिवसांचे मिळून?
चाचा खांदे उडवतात.
अक्षर कारकुनाचं, घाई त्याच्या घरची.

नगरपालिकेच्या जुन्या सभागृहात ती अजून आहे:
न्यायदेवता, साडेसात फूट, तैलरंग.
नारोबा जिनगरानं तिच्या डोळ्यांवर पट्टी रंगवली नाही.
का, याचा कागद नाही.
मी त्यावर चौदा पानं लिहिलीत.
उजव्या कोपराशी वार्निश पोपडलंय,
गोऱ्या रंगाखालून सावळी कातडी वर येते.
बॅटरी धरून बघत होते तर शिपाई म्हणाला,
"ओल हाय मॅडम ती. दर साली येती."

आणि त्याच सालचा ठराव, क्रमांक एकशे बारा:
पंचगंगेच्या वाटेवरल्या झोपड्या उठवाव्यात.
सूचक, अनुमोदक, सर्वानुमते.
हौसाची झोपडी यादीत सोळावी.
तिच्या डोळ्यांदेखत, असं मी लिहिलं
आणि खोडलं.
रंगवलेल्या डोळ्यांना साक्षीला बोलवता येतं का,
हे माझ्या विषयात बसत नाही.
सर म्हणाले, बसतं. नाव घाला फक्त.
नाव हाच तर शोध.

मालन कपिलतीर्थात मेथी विकते. हौसाची नात.
संमतीपत्र तिनं ओल्या हातानं धरलं,
शाई फुटली.
"आज्जी देवी झालती, ह्ये घरात म्हाईत हाय.
गावाला कशापायी?
पोरीचं लगीन ठरतंया. नाव नगा घालू."
मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.
"पर एक बघून सांगा.
त्ये सहा आणे तिला पोचलं का?"

सरांनी हे विचारलं नव्हतं.
मीही नाही, चौदा पानांत.

परत दप्तरखाना. परत चाचा.
शेवटचा रकाना: पोच.
वरच्या ओळीला सुताराची सही, चौकटीचे पैसे.
खालच्या ओळीला तेल्याचा अंगठा,
जवसाचं तेल, शेर दोन.
मधे, हौसासमोर, कोरं.
कसर लागलेलं, पिवळं पडलेलं, पण कोरं.

"दिले नसतील," चाचा म्हणाले.
"किंवा दिले, अंगठा राहिला.
कोऱ्याचं वाचन नसतं बाई. मोडीतसुद्धा नाही."

तेहतिसावी तळटीप मी अजून सोडून ठेवलीय.
आज मेथीच्या दोन जुड्या घेतल्या.
मालननं काही विचारलं नाही.
पन्नासाची नोट घेतली, पदराच्या गाठीतून
सुटे काढले, दोनदा मोजले,
आणि माझ्या हातावर ठेवल्यावर म्हणाली,
"बघून घ्या. मागनं म्हणशीला, दिलं न्हाईत."