नऊ मिलिमीटर

भागीरथीबाईंच्या हातावर मी बॉलपेननं आकडे टाकते,
मनगटापासून कोपरापर्यंत, एक ते चौदा.
"पोत्यावर टाकल्यावानी टाकायलाव की ओ," त्या म्हणतात.
खरंय. एकवीस वर्षं पोत्यांवरचेच आकडे वाचलेत त्यांनी,
लातूरच्या एमआयडीसीत, डाळ मिलच्या पत्र्याखाली,
जिथं तूर भरडताना हवेवर
पिवळी साय धरते.

आकड्याशेजारी एकेक थेंब.
घरातली धूळ. झुरळ. बाभळीचा पराग.
गाजरगवत, जे कुणी पेरलं नाही
आणि शहरातल्या एकाही रिकाम्या प्लॉटनं नाकारलं नाही.
अकरावा थेंब तुरीच्या भुश्श्याचा.
थेंबातून सुईचं टोक नुसतं टेकवायचं,
रक्त येता कामा नये.
मग पंधरा मिनिटं बसायचं. खाजवायचं नाही.

पंधरा मिनिटांत माणसं बोलतात.

भाऊ महालिंग. एसटीच्या वर्कशॉपात होता,
इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं सांगायचा.
त्याच्याच घशात गाठ वाढली,
आणि कणकणसुद्धा आली नाही.
"कामून वो असं?
मला तुरीच्या धुरळ्यानं दम लागतोय, ते तर अन्न.
आन् त्याच्या अंगात एवढा चोर शिरला,
तवा जागल्या काय झोपला व्हता का?"

झोपला नव्हता, बाई.
चोर गावातलाच. त्याच घरचं दूध प्यालेला.
वेशीत आला, जागल्याच्या खांद्यावर हात ठेवला,
म्हणाला, अरे मी, ओळखलं नाहीस?
आणि जागल्यानं काठी भिंतीला टेकवली.
नवं औषध चोराला हात लावत नाही.
खांद्यावरचा तो हात तेवढा काढतं.

हे मी मनातच म्हटलं.
तोंडानं म्हणाले, "हात हलवू नका."

तीन आठवड्यांनी एक सलाईन, सोलापूरला, पहाटेच्या गाडीनं.
पुऱ्या डोसाची किंमत ऐकून घर आठ दिवस गप्प होतं.
मग डॉक्टर म्हणाले, थोडक्यातही भागतं असं दिसतंय,
दहाव्या हिश्श्याहून कमी, मुंबईत करून पाहिलंय.
भाच्याचा विश्वास बसेना.
महालिंग खाटेवरून बोलला, घोगऱ्या आवाजात,
"चिकटलेला ब्रेक सोडवायला
डबाभर ऑइल लागत नसतंय. चार थेंब बास."

चौथ्या सलाईननंतर त्याच्या पाठीवर पुरळ उठलं.
रात्रभर खाज.
भागीरथीबाईंनी शेजारी साखर वाटली.
"उठला म्हना जागल्या!"
डॉक्टर हसले नाहीत. मलम दिलं, थायरॉइड तपासायला सांगितलं.
अंधारात दचकून उठलेला जागल्या
घरधन्याच्याही डोक्यात काठी घालतो.
आणि खाज म्हणजे निकाल नव्हे.
स्कॅन अठरा तारखेला आहे.

"एक इच्यारू का?"
त्या दाराकडं बघून घेतात, जणू उसनं मागायचंय.
"माझ्यात हे जास्तीचं हाय. फुकट चाललंय, भुश्श्यावर.
त्यातलं जरासं त्याला देता येतंय का?"

मी घड्याळाकडं पाहते. दोन मिनिटं बाकी.
तुमचं शहाणपण वेगळ्या जातीचं आहे,
त्याला हवं ते वेगळं, एवढं मला ठाऊक आहे.
"नाही हो," म्हणते,
आणि कारण सांगायचं राहून जातं.

वेळ झाली.
झुरळ काही नाही. बाभळीची गांधी तीनची.
गाजरगवत सहा.
अकराव्या आकड्याशी मात्र पांढरी गांधी, लालबुंद कडा,
पट्टी लावून मोजली. नऊ.
"मिलची हवा सोडावी लागेल," मी सांगते.
ते त्यांनी ऐकलं की नाही कळत नाही.
"कागदावर लिवून द्या," म्हणतात, "मोठ्या अक्षरात.
तुरीचं तेवढंच. बाकीचं ऱ्हाऊ द्या."

कागद चौघडी करून पदराच्या गाठीत.
"त्याला दावते. म्हनते, बग,
असं वळखायचं असतंय."

दारापर्यंत गेल्या, मग वळल्या.
"आता खाजवू का?"