टिपण

रावीरीचे अश्रू मी सकाळी दहाला टिपते.
कागदाची पट्टी, नखाहून अरुंद,
खालच्या पापणीत अडकवायची, पाच मिनिटं.
"रडायचं काही आठवू का?" तो विचारतो.
नको. नुसता बस. डोळा आपलं काम करतो.
तरी त्यानं सांगितलंच: शेवटचा रडलो
आजीच्या तांगीला, माराएच्या अंगणात, तीन दिवस.
सगळेच रडत होते, त्यात माझं काय ते धरू नका.

तो मेंढ्या भादरतो, मॅनियोटोटोच्या पठारावर.
दिवसाला तीनशे. लोकरीची धूळ, चरबीचा वास,
आणि मनगटानं डोळे चोळायची सवय, शाळेपासूनची.
बुबुळावरचा काचेसारखा पडदा
सगळा मिळून अर्धा मिलिमीटर,
तो पातळ झाला, पुढे आला, टोकदार झाला,
ऊतू जाण्याआधी साय फुगते तसा.
आता एका चंद्राचे पाच दिसतात,
खाली ओघळलेले.
रात्री समोरून ट्रक आला की ट्रकांची वरात.
गाडी चालवणं सोडलं त्यानं.

मागच्या हंगामात कडक लेन्स निसटली,
शेडमध्ये, भर कामात. यंत्रं थांबली.
सात माणसं गुडघ्यांवर,
लोकरीच्या ढिगात थेंबाएवढी काच शोधत.
ठेकेदार घड्याळ बघत राहिला, मग तोही वाकला.
सापडली मेरेआनाला, त्याच्या आईला,
जी तीस वर्षं लोकरीची प्रत बोटांनी ठरवते,
डोळे मिटून.
तिनं ती चहाच्या बशीत ठेवली, म्हणाली,
एवढी दुपार भादर, उद्या डनीडनला जा.

म्हणून तो माझ्या खुर्चीत.

पट्टी भिजली, वीसपर्यंत. वहीत टिपते.
टिपते आणि टिपते, दुसरं काही येत नाही मला.

मग रात्रभर तळघरात यंत्र फिरतं.
जड ते आधी बसतं, हलकं मागून,
आणि सगळ्यांच्या शेवटी नळीच्या तळाला
काहीच नाही असं दिसणारं काहीतरी:
पुटिका. पेशींनी बाहेर सोडलेली बोचकी,
एका थेंबात कोट्यवधी.
पूर्वी म्हणायचे, केर आहे.
पेशी घर झाडते, उंबऱ्याबाहेर लोटते, झालं.
आता बोचक्याची गाठ सोडून बघतात
तर आत चिठ्ठी, शेजारणीला लिहिलेली:
इथे खरचटलंय, जरा सरकून ये.
धागे ताठ धर.
किंवा: सोड. कापून टाक.

रावीरीच्या डोळ्यात कोण सोड म्हणतंय?
की चिठ्ठ्या नेहमीच्याच, वाचणारी चुकतेय?
की एकीची कुरबुर आळीभर झाली
आणि आता सगळ्याच सैल पडल्यात?
मला माहीत नाही.
वरच्या मजल्यावरच्यांनाही नाही,
ते फक्त लांब वाक्यात सांगतात.

तुलनेला निरोगी डोळा लागतो, म्हणून माझेही अश्रू आहेत,
उणे ऐंशी अंशांवर, त्याच्या शेजारच्या खणात.
अ‍ॅलस्टर गेला त्या आठवड्यातले.
नोंदीत वय आहे, तारीख आहे,
डावा की उजवा आहे.
तसा रकाना नाही.

"मग काय लिहिलंय त्यांनी?" रावीरी कोट चढवताना विचारतो.
अजून मुळाक्षरंच चाललीत, मी म्हणते.
तो हसतो, आणि हात,
लोकरीच्या चरबीनं लेकरासारखा मऊ झालेला,
सवयीनं डोळ्याकडे निघतो.

मी मनगट धरते.
तसेच उभे राहतो आम्ही जरा वेळ.
खिडकीबाहेर चढावर एक बस धापा टाकतेय.
त्याला किती दिसतायत, विचारत नाही.