खाडीला लाट नसते

ब्याऐंशी साली वागळे इस्टेटमधून
ट्रेनिंगला गेलेला विद्याधर ताम्हाणे
हागेनहून परतला तो
बेअरिंगच्या खोक्यात अकरा कॅसेट्स घेऊन.

"नवी लाट म्हणतात तिकडे."
सुरात कोणीच नव्हतं. पत्र्यावर हातोडी पडावी तसे ड्रम,
एक बाई लाइटबिल वाचावं तसं काहीतरी म्हणत होती,
आणि त्यावर पोरं नाचतात, म्हणे.
इंग्रजीत नाही हं,
आपण घरात भांडतो ना, तसल्या भाषेत.

तेवढंच पुरलं.
आयव्हन मिस्किटाचा कॅसिओ, माझा नुकता फुटलेला आवाज.
चरईतल्या गच्चीवर आम्ही ओरडलो
दुधाच्या कार्डावर, तीनच्या भोंग्यावर,
कोपरीच्या डासांवर.
खालून गुप्तेकाकू:
कोणाला बरं नाहीये का रे?

ती रात्र मी अजून कोणाला दिलेली नाही.

मग उटेचं पत्र आलं.
विद्याधर अडखळत मराठी करत गेला:
कंपन्यांनी लाट विकत घेतली,
रेडिओवर आता नुसते विदूषक,
तळघरातल्या क्लबात गालिचे विकतात.
शेवटच्या दोन ओळी त्याने वाचल्या नाहीत.
घडी घालून खिशात ठेवल्या.

पुढे भोंगाही थांबला.
आयव्हन मस्कतला. कॅसिओ कोणाच्या तरी भाच्याकडे.

परवा कळव्याच्या पुलावर उभा होतो.
खाडीला लाट नसते.
पाणी गुपचूप चढतं, गुपचूप उतरतं,
आणि ओहोटीच्या त्या काळ्या चिखलात
एक निवटी
कोणी बघत नसताना
उड्या मारत असते.