खवट

सुतारवाडीच्या उतारावर शेवंता धुमाळांची भज्यांची गाडी.
शनिवारी रात्री त्या कढई रिती करतात
माझ्या पाच लिटरच्या कॅनमध्ये.
"घ्या बाई, खवट झालंय. तुमच्यासारखंच,"
म्हणतात, आणि पैसे मोजून घेतात.

पाषाणच्या प्रयोगशाळेत
आधी मी अल्कली वापरली होती.
तिला लागतं सोवळ्यातलं तेल.
जरा आम्ल दिसलं की साबण करून मोकळी.
फेसच फेस,
थर वेगळे व्हायचं नाव नाही.
दोन महिने मी नुसती भांडी घासली.

आता ही काळी पूड:
उसाच्या चिपाडाचा कोळसा,
गंधकाम्लात शिजवलेला,
मग धुतलेला, धुतलेला,
पाणी लिटमसला गप्प करेपर्यंत.
चमचाभर. विरघळत नाही.
मेथॅनॉल, पासष्ट अंश, सहा तास;
तळाशी चुंबकाची कांडी गरगरते
आणि आंबट ते आंबटाला
ओळखीच्या माणसासारखं आत घेतं.

सकाळी गाळणकागदावर ती परत.
वाळवते. वजन करते.
पहिली फेरी पंच्याण्णव टक्के, दुसरी त्र्याण्णव,
चौथी अठ्ठ्याऐंशी.
पाचवीला एकाहत्तर.
सर म्हणाले, तक्ता चौथीवरच संपव.

मी पाचवी लिहिली.
'थकली' हा शब्द वहीत चालत नाही,
म्हणून लिहिलं:
छिद्रं बुजली. पुन्हा धुऊन पाहणे.

शेवंताबाईंना बाटली दाखवली, पिवळी, पातळ.
त्यांनी बूच काढून हुंगली.
"वास कुठं गेला?"
मी माझी बोटं पुढे केली.