काळं म्हणजे हवा

दिवसभर मी लोकांच्या छात्या बघते.
छावणीतल्या दवाखान्यात, तळमजल्यावर, शिशाच्या काचेआड.
श्वास घ्या. रोखा. सोडा.
एकवीस वर्षं हीच तीन वाक्यं.
नव्या पोरांना पहिला धडा देते तो हा:
काळं दिसलं की घाबरायचं नाही,
काळं म्हणजे हवा.
चौकशी पांढऱ्याची करायची.

त्यातलाच एक लोकेंद्र, राऊचा.
त्यानं माझ्या कॉम्प्युटरवर हा खेळ टाकून दिला.
"मॅडम, इसमें गोली-वोली कुछ नहीं,
बस उड़ना है."

बस उडना!
पहिली नऊ यानं जागच्या जागी जळाली.
दहावं सरळ वर गेलं आणि सरळ खाली आलं.
तेव्हा कळलं, नुसतं वर जाऊन भागत नाही,
वर गेल्यावर आडवं पळावं लागतं,
रामबागेतून निघणाऱ्या माझ्या स्कूटीच्या तीनशेपट.

काल रात्री स्टेशनाला जोडून घ्यायचं होतं.
दोन यानांनी अंधारात एकमेकांना हळूच टेकायचं,
सुईत दोरा ओवावा तसं,
फक्त सुईही पळते आहे आणि दोराही.
चुकलं. पुन्हा चुकलं.
मग तेलाचा काटा शून्यावर आला
आणि सगळं गप्प झालं.
फोन केला. लोकेंद्र सराफ्यात, तोंडात भुट्ट्याचा किस:
"अरे मॅडम, रीस्टार्ट कर लो ना."

बोट बटणावर होतंही.
पण आत तो चिमुकला माणूस बसलेला, काचेचं डोकं घालून.
त्याला काही ठाऊक नव्हतं,
किंवा ठाऊक असून बोलत नव्हता,
रिपोर्टचा लिफाफा मांडीवर ठेवून
आमच्या बाकावर बसतात ना, तसा.
म्हटलं, बरं. बसू दोघं थोडा वेळ.

इंजिन चालू होतं तोवर मी आकडेच बघत होते,
उंची, वेग, कोन, तेल.
आता आकड्यांचं काही करण्यासारखं नव्हतं.
खाली ग्रहाची रात्र सरकत होती,
ढगांच्या पोटात विजा,
कुणी रजईत टॉर्च लावून वाचावं तशा.
मग कडा उजळली.

आधी नुसती रेघ. निळी.
मी खुर्चीतून उठून पडद्याशी गेले,
चष्मा कपाळावर सारून,
पूर्वी फिल्म उजेडाला धरायचो तशी.
ही रेघ माझ्या ओळखीची.
फुप्फुसाच्या कडेची.
ती अशी सुटी दिसली
की मी धावत जाऊन डॉक्टरांना उठवते.

तेवढीच हवा होती.
सगळ्या ग्रहाची मिळून तेवढीच.
बाकी काळं,
आणि त्या काळ्यात, एकवीस वर्षांत पहिल्यांदा,
हवा नव्हती.

कुणीतरी कुठंतरी टेबलाशी बसून हे केलं असणार,
चहा गार होऊ देत
त्या निळ्यात चिमूटभर हिरवं घालून, काढून, पुन्हा घालून.
त्याचे खेळात गुण मिळत नाहीत.
तेल असेल तर तिकडे लक्षही जात नाही.

अडतीस मिनिटांची एक फेरी.
मी पाच सूर्य पाहिले.
तिसऱ्याला आठवलं, कुकर घासायचा राहिलाय.
उठले नाही.

कचरागाडीचं गाणं गल्लीत शिरलं तेव्हा
मी खुर्चीतच, मान आखडलेली.
पडदा तेवढा बंद केला.
कॉम्प्युटर चालू ठेवून निघाले,
त्याला फिरू दे.

आजचे पहिले पेशंट पाटणीपुऱ्याचे, बांगड्यांचं दुकान.
हनुवटी वर, खांदे पुढे, छाती प्लेटला.
श्वास घ्या.
रोखा.
बटण दाबून झालं,
पडद्यावर काळं उमटत आलं,
दोन्ही बाजूंना, काठोकाठ, भरपूर,
आणि मी बघतच राहिले.

पाठमोऱ्या काकांचे कान लाल होत गेले.

"सोडा," मी म्हटलं, "अहो सोडा, सोडा काका,
माझंच चुकलं."