सतरावा खांब

भांगाचे दिवस. अष्टमीचं पाणी, ओढ कमी.
हसुरामकाका होडीतून दोर सोडतो
आणि डावीकडे ऐरोली, उजवीकडे मुलुंड ठेवून
मी चहाच्या चोथ्यात उतरावं तसा उतरतो.

दोन हात खाली गेलं की डोळे संपतात.
काचेवरचा उजेड आधी पिवळा, मग तपकिरी,
मग नाहीच.
इथून पुढे बोटं.

अंदमानात एक हंगाम टाक्या उचलल्या तेव्हा
प्रवाळ बघितलंय मी, दोन पुरुष पाण्यात,
लख्ख.
नागपूरचे एक मास्तर वर येऊन रडले होते,
म्हणाले, एवढं कुणासाठी रंगवलंय?
मी त्यांचा पट्टा सोडवत होतो.

इथे रंगाचा प्रश्न येत नाही.
आधी लागतात बार्नकल, किसणीसारखे,
मग कालवं, कालवावर कालव, त्यावर पोर-कालव.
खाली काहीतरी मऊ, बोट लागलं की आत जातं,
लाजून नव्हे,
दार लावून घेतल्यासारखं.
कपारीतली खरबी मनगटावर शेपूट मारते.
अडकलेली एक दुधाची पिशवी,
तिच्यातही कुणीतरी बिऱ्हाड केलंय.
वरून ट्रक जातो, खांब हुळहुळतो दातासारखा.
कालवं मिटत नाहीत.
सवय झाली असेल.

कानात साहेब: थर किती?
पाच इंच.
काढा. काँक्रीट दिसलं पाहिजे.

दिसणार कुणाला, विचारत नाही. काढतो.
आई दिवाळ्याच्या खडपावर उकिडवी बसून
हेच काढायची, कोयतीनं, एकेक, वाटीभर झालं की उठायची.
माझं काम चौरस फुटावर.
तुकडे खाली जाताना ऐकू येतात,
कुणीतरी लांब तांदूळ पाखडतंय.
मग बोईट जेवायला जमतात.
गालाशी पाणी सरकतं, त्यावरून पंगत केवढी ते समजायचं.

तडा आहे. केसाएवढा.
हातमोजा काढून करंगळीच्या नखानं वाचला,
सुरुवात, वळण, शेवट.
वर लिहून घेतलं.

तड्याच्या बाजूला तळहाताएवढी जागा राहिली होती,
चार कालवं, एक ते मऊ,
आणि आत कुणीतरी चिमटा धरून बसलेलं.

साहेब म्हणाले, झालं सगळं साफ?

तोंडानं बोलवेना.
दोर एकदा ओढला. एकदा म्हणजे हो.
काकानंही वरून एकदा ओढला,
जरा उशिरानं.